एका क्रियापदाचा खटला

लंडनच्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने १९७४ साली ‘द बेबी किलर’ ही माइक म्युलर यांची पुस्तिका काढली. गरीब देशांत बाळांसाठीचे डब्याचे दूध कसे खपवले जाते, हा तिचा विषय. कंपन्यांच्या पगारी बाया परिचारिकेच्या वेशात बाळंतिणींकडे जात, फुकट नमुने वाटत. आईचे दूध आटले की डबा विकत घ्यावाच लागे. मजुरी तुटपुंजी म्हणून दूध पातळ. पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही. मग हगवण, आणि मरण.

बर्नच्या एका गटाने जर्मन भाषांतराला ‘नेस्ले बाळांना मारते’ असे नाव दिले. कंपनीने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. अखेर ती या शीर्षकापुरतीच उरली. १९७६ साली कोर्टाने गटातल्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला, आणि जाहिरातीची रीत बदला असे कंपनीलाही बजावले. मरणाला कारण होणे वेगळे, मारणे वेगळे, असा हा न्याय! मला तो फार ओळखीचा वाटतो. दलित साहित्यावर ‘आक्रस्ताळे’, ‘प्रचारकी’ असे शिक्के मारणाऱ्या कलावादी समीक्षेने दुसरे काय केले? गावच्या विहिरीबद्दल ती गप्प राहिली. शब्द तेवढा तपासला.

या संतापाने पुष्कळ घडवले. १९७७ पासून अमेरिकेत बहिष्कार, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेची संहिता (११८ विरुद्ध १; ते एक मत अमेरिकेचे), आपल्याकडे १९९२ चा कायदा. पण या साऱ्या लढ्यात आई कुठे आहे? बहुधा ती डॉक्टरांच्या तोंडूनच बोलते.

‘न्यू इंटरनॅशनॅलिस्ट’च्या ऑगस्ट १९७३ च्या मुखपृष्ठावर झांबियातल्या एका बाळाची कबर होती. कबरीवर दुधाची बाटली आणि रिकामा डबा. ठेवणाऱ्या हातांत चीड नव्हती, विश्वास होता. बाळासाठी सर्वांत चांगले जे वाटले, तेच शेवटी दिले. कंपनीचा नफा याच विश्वासावर उभा होता. त्याबद्दल बोलू शकणारी तीच. आणि तिचे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये तसे नव्हते. वर्तमानपत्रे चार दिवस तापली. वाटी-चमचा घेऊन बसलेल्या बाईला कोणी काही विचारल्याचे मी तरी वाचले नाही.