दाबाचा रंग

तुकईथड मागे पडलं की खंडवा–अकोला मीटरगेजची गाडी धूळघाटाजवळ डोंगरात गोल वळसा घ्यायची आणि आपल्याच रुळांच्या वरून पुढे जायची. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकातले रेणू असेच फेऱ्या घेत रचलेले असतात. एक थर, त्यावर किंचित फिरलेला दुसरा, त्यावर आणखी फिरलेला तिसरा. एक फेरी पूर्ण व्हायला जेवढी जाडी लागते, तिच्यावर ठरतं की प्रकाशातला कोणता रंग माघारी येणार. वरून दाबलं की फेरी आखडते. लालाचा हिरवा होतो, हिरव्याचा निळा. तार नको, बॅटरी नको, दाब सरळ डोळ्यांना दिसतो.

राइनिट्झर यांना १८८८ साली कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं, तिथून ही विद्या सुरू झाली. आपल्याकडेही ती जुनी आहे: चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. पण दाबाच्या कामासाठी मला सर्वांत आशा वाटते ती सेल्युलोजची. तुकईथडच्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगरच्या कारखान्याने सालई आणि बांबूच्या लगद्यातून वर्तमानपत्राचा कागद काढला. लगदा म्हणजे मुख्यतः सेल्युलोजच. त्याचंच एक रूप, हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, पाण्यात वजनाने ६०–७० टक्के मिसळलं की आपोआप रंगीत द्रवस्फटिक बनतं. हे कॅनडात १९७६ साली लक्षात आलं. २०१८ साली केंब्रिजच्या गटाने त्याचे लांबलचक पट्टे यंत्रावर गुंडाळत तयार केले आणि पायाच्या दाबाचा ठसा रंगात दाखवला.

तरीही याला अजून दाबमापक म्हणता येत नाही. रंग निळा झाला तो दाबाने, पाणी उडाल्याने की नजर तिरपी पडल्याने? उष्णतेनेही फेरीची लांबी बदलते, आणि आमच्याकडचा मे महिना प्रयोगशाळेत येत नाही. द्रवस्फटिकाचे रेणू रबराच्या जाळ्यात बांधले, म्हणजे द्रवस्फटिकी रबर केलं, तर पाणी उडण्याचा प्रश्न नाही, पण त्यातले रेणू नीट फेऱ्यांत बसवणं अवघड. रंगाचा बदल दाखवून थांबणारं संशोधन मला अपुरं वाटतं. तोच दाब शंभरदा देऊन शंभरदा तोच रंग येतो का, हे आधी दाखवलं पाहिजे.

मात्र एका कामाला आकडा लागतही नाही. कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला चपलेचा टोचरा भाग कळत नाही आणि तिथेच जखम होते. दाब कुठे जास्त पडतो एवढं रंगाने सांगितलं, तरी चप्पल करणाऱ्याला पुरे.

हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजची भुकटी औषधी गोळ्यांसाठी बाजारात मिळतेच. जळगाव-अमरावतीच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती पाण्यात कालवून दोन काचांमध्ये दाबून पाहावी, आणि भर उन्हाळ्यात पाहावी.