किचन-कम-डायनिंग : नकाशातलं आणि घरातलं

आपल्याकडं ‘ले-आऊट’ म्हटलं की वावर आठवतं. वावरात प्लॉट पाडले, मुरमाचा रस्ता टाकला, झाला ले-आऊट. वाशिममधून रिसोडकडं निघा की मंगरुळपीरकडं, हेच दिसतं. घराच्या आतल्या ले-आऊटवर मात्र, त्यातही स्वयंपाकघराच्या, कुणी बोलत नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते. नकाशाची होत नाही, आणि जन्म तर त्याच्यातच काढायचा असतो. म्हणून आज एक नकाशा वाचू.

नातेवाईक, शेजारी घर बांधायला काढतात तेव्हा कागद दाखवायला आणतात. बहुतेकांत एक खोली असते : ‘किचन-कम-डायनिंग, ८ × १०’. लांब भिंतीला ओटा, मधोमध एक आयत, त्याच्याभोवती चार छोटे चौकोन. टेबल आणि खुर्च्या. कागदावर फार छान दिसतं.

आता फूटपट्टी घ्या. आठ फुटांतून ओट्याचे दोन फूट गेले, राहिले सहा. ओट्यापुढं उभं राहायला, वाकून सिलिंडर बदलायला तीन फूट तरी लागतात. उरले तीन. टेबल भिंतीला चिकटवून ठेवलं तरी त्याचीच रुंदी अडीच फूट. मग खुर्ची कुठं ओढायची? बसलेल्या माणसाची पाठ आणि सैपाक करणारीची पाठ एकमेकींना लागतात. नकाशात खुर्ची टेबलाखाली सरकवलेली असते, म्हणजे कुणीच जेवत नसतानाचं ते चित्र आहे. फ्रिजचं दार उघडल्यावर किती जागा खातं, तेही त्यात नसतं. गव्हाचं पोतं तर नसतंच.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत जेवायची सोय असलेल्या स्वयंपाकघराला किमान ७.५ चौरस मीटर सांगितलं आहे, रुंदी किमान २.१ मीटर. आठ बाय दहा म्हणजे ७.४३. थोडक्यात हुकलं. पण हुकलं नसतं तरी काय झालं असतं? आकडा खोलीचा आहे, त्यात माणसं कशी बसतात त्याचा नाही.

याच खोलीत चार माणसं खाली बसवून बघा. मांडी घातलेलं माणूस आणि पुढं ताट, मिळून अडीच फूट रुंद, साडेतीन फूट खोल. दहा फुटांच्या भिंतीला चौघं ओळीनं बसतात, ओट्यापुढं अडीच फूट उरतात. थोडी अडचण होते, पण भागतं. जेवण झालं, सतरंजी उचलली की जागा परत मोकळी. त्याच फरशीवर दुपारी तूर निवडायची, उन्हाळ्यात शेवया करायच्या, पोरानं अभ्यास करायचा. टेबल हे करू देत नाही. आपल्या पंगतीला मागासलेपण समजून आपण खोलीतली सगळ्यात कामाची वस्तू काढून टाकली, ती म्हणजे मोकळी जमीन.

यावर कुणी म्हणेल, ‘गुडघ्यांचं काय?’ बरोबर आहे. माझी आई आता खाली बसू शकत नाही. तिच्यासाठी भिंतीला बिजागरीची फळी लावा, सव्वा फूट रुंद, जेवण झालं की खाली सोडायची. पुढं एक खुर्ची. एका माणसासाठी सहा जणांचं टेबल कशाला?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. चूल जमिनीवर होती तेव्हा रांधणारी आणि जेवणारे एकाच पातळीवर बसायचे. भाकर तव्यावरून सरळ ताटात यायची, बोलणं समोरासमोर व्हायचं. ते दिवस चांगले होते असं मी म्हणत नाही. धुरानं डोळे जायचे, आणि ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी. गॅस आला, ओटा आला, कंबर सुटली, हे चांगलंच झालं. पण ओटा भिंतीला लागला आणि तिचं तोंड भिंतीकडं झालं. घरातले मागं बसून जेवतात, तिला फक्त आवाज येतात.

१९२६ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ बाय ३.४ मीटर. अशी जवळपास दहा हजार बांधली गेली. घड्याळ लावून एकेक पाऊल मोजलं होतं. स्वतः आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, हेही त्यांनी पुढं सांगितलं. जेवण शेजारच्या खोलीत, मध्ये सरकतं दार, म्हणजे पोरं दिसावीत. आज आपली मॉड्युलर किचनं त्यावरच चालतात. त्याच्यावरची टीकाही तेवढीच महत्त्वाची : आत एकच बाई मावते, आणि ती एकटी पडते. त्यांच्याकडं निदान दार सरकवून बघायची सोय होती. आपण एकाच खोलीत जेवतो आणि तरी तिला भिंतीकडं उभं करतो.

माझ्या घराचं सांगतो. ओटा किती उंच घेऊ, हे मिस्त्रीनं मला विचारलं. मी म्हटलं, ‘सगळे घेतात तेवढा.’ ज्या माणसानं आयुष्यात भाकर थापली नाही त्यानं उंची ठरवली. चौतीस इंच. तेवढ्या उंचीवर ज्वारीची भाकर थापता येत नाही, खांदे भरून येतात. मग आमच्या घरी परात खाली, तवा वर. दहा भाकरी म्हणजे दहा उठाबशा. टेबलही घेतलं होतं. त्यावर आज डाळीचे डबे, औषधं आणि चार्जर आहेत. बायको ओट्याशी उभ्यानंच जेवते. पंधरा वर्षं मला ते दिसलं नाही, कारण मी जेवत होतो.

आज बांधलं असतं तर ओटा आठ फुटांच्या भिंतीला घेतला असता, आणि लांब भिंतीवर साडेतीन फूट वळवला असता. शेगडी त्या वळणावर, म्हणजे मान वळवली की ताटं दिसतात. थापायला दोन फुटांचा तुकडा पाचेक इंच खाली. दार कोपऱ्यात सरकवायचं, म्हणजे बसणाऱ्यांच्या मधून ये-जा होत नाही. खर्च फारसा वाढत नाही, कागद एकदा खोडावा लागतो.

ग्रामीण घरकुलात तर हे जास्तच लागू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा त्यातच. तिथं चुकलेला एक फूट नंतर सापडत नाही.

तेव्हा पायाची आखणी होते, चुन्याची फक्की पडते, त्या दिवशी नारळ फोडून घरी जाऊ नका. घरात जी रांधते तिला त्या पांढऱ्या रेघांच्या आत उभी करा. हातात परात द्या. बाकीच्यांनी मातीतच ताटं घेऊन बसा, आणि ती सांगेल तिथं रेघ पुसून परत ओढा.