बालकर्करोगाची कारणमीमांसा आणि नंदुरबार जिल्हा

बालकांच्या कर्करोगाचे मूळ त्यांच्या सभोवतालच्या परिस्थितीत शोधण्याकडे अभ्यासकांचा कल वाढत आहे. हा कल स्वाभाविक असला, तरी ज्या पद्धतीने असा शोध बहुधा घेतला जातो तिची चिकित्सा होणे अवश्य आहे. आजारी मुलांच्या मातांना गाठावयाचे, गरोदरपणी काय खाल्ले, शेतात कोणते औषध फवारले, असे विचारावयाचे आणि उत्तरांतून कारण काढावयाचे, ही ती पद्धत होय.

या पद्धतीचा आदर्श म्हणजे ॲलिस स्टुअर्ट यांची ऑक्सफर्डची पाहणी. १९५३ ते १९५५ या काळात इंग्लंड व वेल्समध्ये कर्करोगाने दगावलेल्या दहा वर्षांखालील मुलांच्या आणि तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी मुलांच्या मातांना त्यांनी सारखेच प्रश्न विचारले. गरोदरपणी पोटाची क्ष-किरण तपासणी झाल्याचे पहिल्या गटातील माता सुमारे दुपटीने सांगतात, असे त्यांना आढळले. यावर रास्त आक्षेप निघाला : मूल गमावलेली माता गेलेला प्रत्येक दिवस आठवून पाहते, इतर मातांना तसे कारण नसते. १९६२ मध्ये ब्रायन मॅकमहोन यांनी अमेरिकेत मातांच्या आठवणींऐवजी रुग्णालयांची दप्तरे तपासली. संबंध टिकला, मात्र वाढ सुमारे ४० टक्केच निघाली. निष्कर्षाला बळकटी आली ती आठवणीबाहेरच्या नोंदीमुळे. अनुकरण करणारे प्रश्नावली तेवढी उचलतात, नोंद विसरतात.

नंदुरबार जिल्ह्यात ही उणीव विशेष जाचक ठरते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. त्यांत पंधरा वर्षांखालील मुले ५ लक्ष धरली आणि दर १० लक्ष मुलांमागे वर्षाला सुमारे १४० रोगी हे जागतिक प्रमाण लावले, तर वर्षाला ७० मुले येतात. रक्ताचा कर्करोग त्यांपैकी एक-तृतीयांश मानल्यास सहा तालुक्यांत प्रत्येकी जेमतेम चार. इतक्या लहान संख्येत एका गावी दोन मुले आजारी पडणे योगायोगानेही घडते. शिवाय येथील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. सरदार सरोवरामुळे अक्राणी-अक्कलकुव्यातील कित्येक कुटुंबे तळोदा-शहाद्याकडे वसली. रोगाचे निदान जेथे झाले तेथेच त्याचे कारण असेल, हे गृहीत येथे धरता येत नाही.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात लोकसंख्याधारित २८ नोंदण्यांचा समावेश होता. त्यांत नंदुरबार नव्हते. ग्रामीण भागात असे काम अशक्य आहे, ही सबब मात्र चालणार नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीने बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावे पिंजून काढली. रोगी रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले.

आजच्या रोग्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्या उपचारास कारणाच्या निश्चितीची वाट पाहावी लागत नाही. उलट, अपुऱ्या आधारावर कारण जाहीर केले, तर त्याचा भार मातेवर पडतो. आपल्याच हातून काही घडले, असे तिला आयुष्यभर वाटत राहते. म्हणून नंदुरबारला जाऊ इच्छिणाऱ्या संशोधकाने प्रथम प्रत्येक रोगी मुलाची, त्याच्या जन्मगावाची आणि कुटुंबाच्या हंगामी मुक्कामांची नोंद उभारावी. कीटकनाशके, चुलीचा धूर, पाणी यांविषयीचे प्रश्न त्यानंतरच सार्थ ठरतील.