उष्ण रंग, शीत रंग आणि चांद्याची भिंत

रंगांना उष्ण आणि शीत अशी दोन गोत्रे लावून देण्याची पद्धत आपल्याकडे आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्याविषयी शंका घेणाऱ्यालाच लोक अरसिक ठरवतील. तरीही ती शंका घ्यावी असा प्रसंग मागच्या उन्हाळ्यात आला. चंद्रपूरच्या एका स्नेह्यांनी नवे घर बांधले आणि रंग निवडण्यासाठी मला बोलावले. दुकानातले रंगपत्रक समोर पसरून ते म्हणाले, "उष्ण प्रदेशात निळा-हिरवा लावावा, पिवळा-तांबडा टाळावा, असे सगळेच सांगतात. पश्चिमेच्या भिंतीला गडद निळा ठरवला आहे." त्यांच्या वृद्ध मातोश्री जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बापू, आमच्या गावच्या घराची भिंत गेरूची होती. तिथं कधी असं उकडलं नाही."

ह्या दोन मतांपैकी खरे कोणते? माझ्या मते रंगपत्रकाचे मत डोळ्यापुरते खरे आहे. पण भिंत डोळ्यावर नव्हे, उन्हात उभी असते.

पिवळ्या-तांबड्याला ऊब आणि निळ्याला गारवा चिकटवण्याचे काम युरोपातल्या चित्रकारांनी व विचारवंतांनी केले. जर्मन कवी गटे ह्याने 1810 साली रंगांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिवळ्याची बाजू उल्हासाची व उबेची, तर निळ्याची बाजू थंडीची व सावलीची मानली आहे. ज्या देशात ऊब हेच सुख, तिथे हा विचार सुचणे स्वाभाविक होते. पण त्याच्या दहाच वर्षे आधी, 1800 साली, विल्यम हर्शेलने इंग्लंडात सूर्यप्रकाश लोलकातून फोडून प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली होती. पारा सर्वांत वर चढला तो तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला कोणताच रंग दिसत नव्हता. सूर्याच्या उष्णतेचा जवळजवळ अर्धा भाग असा अदृश्य आहे. तेव्हा भिंत तापते ती रंगाच्या नावावरून नव्हे. रंग किती फिका, किती गडद, ह्यावरून. गडद निळी भिंत ऊन पिते, फिकी पिवळी ते परतवते. म्हणजे माझे स्नेही गारव्याच्या नावाने तापच विकत घेणार होते.

मग मातोश्रींची गेरूची भिंत? गेरू काही फिका नव्हे. पण ती भिंत हातभर जाड मातीची, आणि तिच्यावर कवेलूंचे छप्पर इतके खाली उतरलेले की भर दुपारचे ऊन तिला शिवत नसे. चंद्रपुरात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेल्याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही. अशा वेळी खरा मार भिंतीपेक्षा छपराला बसतो. जुन्या घराने तो मार कवेलूंवर आणि मातीवर घेतला, आणि गेरूला केवळ शोभेसाठी मोकळे ठेवले. रंगाला उष्णतेशी झुंजायला त्या घराने कधी लावलेच नाही.

गडचिरोलीकडच्या जंगलगावांत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली गेरूचा पट्टा ओढलेली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ह्यातला विवेक कळेल. वर, जिथे ऊन व नजर जाते, तिथे पांढरे. खाली, जिथे पावसाचे शिंतोडे आणि पोरांचे हात लागतात, तिथे मळखाऊ तांबडे. आपल्या भाषेने वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हटले, तेही मातीकडे पाहूनच.

पण जुन्याची आरती ओवाळून प्रश्न सुटत नाही. सारवण-पोतारणे दर सणाला बाईच्याच कंबरेवर पडते. तिला त्यातून सुटका हवी असेल तर तिला दोष कोण देणार? शिवाय चंद्रपूरच्या हवेत कोळशाची धूळ आहे. पांढरी भिंत तिथे वर्षभरात काळवंडते, आणि काळवंडलेला पांढरा ऊन पिऊ लागतो. रंगपत्रकाने सामान्य माणसाला निवड दिली, हेही लहान काम नव्हे. माझी तक्रार इतकीच की, त्याने निवडीचा प्रश्न चुकीचा घातला. उष्ण की शीत हे विचारण्याआधी ऊन कुठे पडते, छप्पर कशाचे, सावली किती, हे विचारायला हवे. नव्या घरकुलाची भिंत विटेची आणि वर पत्रा असेल, तर आत कोणताही 'शीत' रंग दिला तरी दुपारी माणूस झाडाखालीच जाऊन बसणार.

आतल्या खोलीची गोष्ट मात्र निराळी. तिथे डोळ्याचे राज्य आहे, आणि गटेचे म्हणणे तिथे चालते. पण त्या डोळ्याला वर्षाचे तिन्ही ऋतू पाहायचे असतात. आषाढ-श्रावणात ह्या मुलखात बाहेर सगळे हिरवे, आभाळ खाली आलेले, आत येणारा उजेडही पानांतून गाळलेला. तेव्हा फिकी निळी खोली मलूल दिसते आणि फिकी पिवळी दिवा लावल्यासारखी वाटते. केवळ वैशाखाला भिऊन श्रावणाचे चार दिवस उदास का करावे?

मी स्नेह्यांना सांगितले: गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुना, पश्चिमेच्या भिंतीला फिका रंग, तिच्यावर हातभर पुढे आलेले छज्जे आणि समोर एक कडुनिंब, आत मन म्हणेल तो रंग. गडद निळा त्यांनी आतल्या एका भिंतीला दिला. मातोश्रींनी आपल्या खोलीत गेरूचा पट्टा मागून घेतला. दोघांचेही बरोबर होते, असे मला वाटते. फक्त आधी त्यांच्या भांडणाची जागा चुकली होती.