अंत्यविधीचे मौन आणि कायद्याची भाषा

कायद्याचे शीर्षक हे त्या कायद्याचा भाग मानावे की केवळ त्याचे नाव, हा प्रश्न विधिज्ञांवर सोपविला, तरी शीर्षकातील शब्द आणि कलमांतील शब्द एकाच अर्थाकडे जातात की नाही, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २९ मे २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची स्वाक्षरी होऊन अमलात आलेला एक अधिनियम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ‘रिस्पेक्ट फॉर अमेरिकाज फॉलन हीरोज ॲक्ट’ हे त्याचे नाव. सैनिकांच्या अंत्यविधीत कोणी निदर्शने करून व्यत्यय आणू नये, हा त्याचा हेतू.

या शीर्षकाचे मराठी भाषांतर करू जाताच अडचण उभी राहते. ‘फॉलन’ या विशेषणास धात्वर्थाने सर्वांत जवळचा शब्द ‘पतित’. पण तो योजावा तर गौरवाचा थेट अधिक्षेप होतो. ‘पडलेले’ म्हणावे तर उणे वाटते. मराठीत ‘पडणे’ हे क्रियापद सन्मानाचे होते ते ‘धारातीर्थी’ या पदाच्या आधाराने. तेथे शस्त्राची धार हेच तीर्थ मानलेले असते. ‘कामी आला’ यात सेवेचा भाव आहे, ‘हुतात्मा’ यात यज्ञाचा आणि ‘शहीद’ या मूळच्या अरबी शब्दात साक्षीचा. सारांश, यांपैकी प्रत्येक शब्द मृत्यूचा एक अन्वयार्थ आपल्याबरोबर घेऊन येतो. ‘शहीद’ वा ‘हुतात्मा’ या अर्थाची संज्ञा भारतीय सैन्यदले अधिकृतपणे वापरीत नाहीत, असे केंद्र शासनाने २०२२ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केले, याचे आश्चर्य वाटू नये.

अमेरिकन विधिमंडळाने गौरवाचा शब्द शीर्षकात ठेवला. कलमांत मात्र त्याचा उपयोग अट म्हणून केलेला नाही. या अधिनियमाचे मुख्य कलम राष्ट्रीय दफनभूमीत होणाऱ्या अंत्यविधींना लागू आहे. तेथे रणांगणावर मेलेल्या सैनिकाला जे संरक्षण मिळते, तेच वृद्धापकाळी अंथरुणावर वारलेल्या माजी सैनिकालाही मिळते. शीर्षक संकुचित आणि कलम व्यापक, असा हा प्रकार आहे. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कलमाचा हा व्यापकपणा योग्यच होय.

कलमांची भाषा मोजमापाची आहे. अंत्यविधीपूर्वी साठ मिनिटांपासून नंतरच्या साठ मिनिटांपर्यंत, दफनभूमीच्या मार्गांपासून १५० फुटांच्या आत विधीची शांतता भंग पावेल असा गोंगाट वा व्यत्यय मुद्दाम करू नये. आणि ३०० फुटांच्या आत लोकांच्या ये-जा करण्यात अडथळा आणू नये. ६ ऑगस्ट २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मान्यता दिलेल्या दुसऱ्या अधिनियमाने ही मुदत दोन्ही बाजूंनी दोन तासांची केली आणि अंतरे अनुक्रमे ३०० व ५०० फूट अशी वाढविली. फलकावर काय लिहिले आहे, हे यांपैकी कोणतेही कलम विचारीत नाही. त्याचे कारण उघड आहे. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळे शासनाला आशयावरून भाषणास बंदी घालणे फार कठीण जाते. काळ, स्थळ आणि रीत यांचे नियमन मात्र करता येते.

हे कायदे ज्यांच्यामुळे झाले, ती निदर्शने कॅन्सस राज्यातील टोपेका येथील वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या लहानशा पंथाची होती. समलिंगी संबंधांविषयी राष्ट्राने दाखविलेल्या सहिष्णुतेबद्दल ईश्वर त्याला शासन करीत आहे आणि सैनिकांचे मरण हे त्याचेच चिन्ह होय, असे या पंथाचे म्हणणे. मार्च २००६ मध्ये इराकमध्ये एका तरुण मरीन सैनिकाचा वाहन-अपघातात मृत्यू झाला. मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे त्याच्या अंत्यविधीच्या वेळी या पंथाची सात माणसे फलक घेऊन उभी राहिली. मृत सैनिकांबद्दल देवाचे आभार मानणारा एक फलक त्यांत होता. ‘तुम्ही नरकात जाणार’ आणि ‘देव तुमचा द्वेष करतो’ या आशयाचेही फलक होते. पित्याने दावा लावला. ज्यूरीने त्याला सुमारे १०९ लक्ष डॉलर भरपाई दिली, न्यायाधीशाने ती ५० लक्षांवर आणली, २००९ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली आणि २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’ या निवाड्यात आठ विरुद्ध एक मतांनी अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला.

मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निवाड्यातील एक मुद्दा भाषाशास्त्रीय आहे. फलकांवरील एक-दोन वाक्ये विशिष्ट कुटुंबाला उद्देशून आहेत असे मानले, तरी एकूण निदर्शनाचा रोख सार्वजनिक प्रश्नांकडे होता, असे ते म्हणतात. संशय निर्माण होतो तो इंग्रजी ‘यू’ या सर्वनामामुळे. एकवचनी ‘दाउ’ व्यवहारातून गेल्यापासून इंग्रजीत हे सर्वनाम एकाला आणि अनेकांना सारखेच लागते. मराठीत फलक लिहिणाऱ्याला निवड करावी लागली असती. ‘तू नरकात जाणार’ म्हटले की मृत वा त्याचा बाप यांच्यापैकी एकच कोणी समोर उभा राहतो. ‘तुम्ही’ म्हटले तरी आदरार्थी एकवचनाचा संशय उरतो, पण शिवीच्या संदर्भात तो फारसा टिकत नाही.

तथापि सर्वनामाचा अर्थ केवळ व्याकरणाने ठरत नाही. तो उच्चारणाच्या स्थळकाळाने ठरतो. हेच वाक्य राजधानीतील चौकात राष्ट्राला उद्देशून असेल. शवपेटी जात असताना ते तेथील शोकाकुलांनाच लागते. एकूण रोख ही कल्पना या ठिकाणी अपुरी पडते. दहा वाक्ये राष्ट्राला आणि दोन वाक्ये बापाला असतील, तर त्या दोहोंची सरासरी काढून ती राष्ट्राची होत नाहीत. भिन्नमत नोंदविणारे न्यायमूर्ती ॲलिटो यांचा आक्षेप याच स्वरूपाचा आहे आणि भाषेच्या दृष्टीने तो अधिक सबळ आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पण येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निदर्शक चर्चपासून सुमारे १००० फुटांवर, सार्वजनिक जागेत उभे होते. अंत्ययात्रा जाताना पित्याला फलकांची केवळ वरची कड दिसली. त्यांवर काय लिहिले होते हे त्याला त्या रात्री दूरचित्रवाणीच्या बातम्यांत कळले. म्हणजे ज्याला उद्देशून वाक्य होते असे आपण म्हणतो, त्याच्यापर्यंत ते अंत्यविधीच्या वेळी पोहोचलेच नव्हते. ते पोहोचविले वृत्तमाध्यमाने. यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो या कायद्यांच्या समर्थकांना अप्रिय वाटेल: २००६ चा कायदा काय, २०१२ चा वाढीव कायदा काय, दोहोंच्या मर्यादा त्या अंतराच्या आतच संपतात. ज्या दुःखाच्या प्रसंगाने या प्रश्नाला देशभर वाचा फुटली, ते दुःख फुटांच्या या मापात बसत नाही.

भारतीय कायद्याची पद्धत निराळी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम २९७, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३०१ म्हणून आले आहे, ते अंतर मोजीत नाही; ते मन पाहते. भावना दुखविण्याच्या हेतूने वा त्या दुखावतील हे जाणून अंत्यसंस्कारासाठी जमलेल्यांना व्यत्यय आणणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सैनिक आणि असैनिक असा भेद तेथे नाही; प्रत्येक प्रेताचा मान सारखा. हा या कलमाचा मोठा गुण. त्याचा दोष असा की भावना कोणाची, किती दुखावली, हे ठरविण्यास फूटपट्टी नाही. आणि अशा लवचीक शब्दांचा आधार घेऊन अप्रिय मत दडपणे सोपे असते. शिवाय हजार फुटांवरच्या मूक फलकाने जमलेल्यांना व्यत्यय आला, हे या कलमाखालीही सिद्ध करणे कठीणच गेले असते.

दोन्ही पद्धतींचा विचार करता असे दिसते की, कायदा अंत्यविधीभोवती थोडी शांतता राखू शकतो. मृताचा गौरव तो करू शकत नाही. गौरव हे समाजाचे काम आहे आणि ते शब्दांनी, विधींनी व मौनाने केले जाते. शांततेचे संरक्षण हे लहान काम नव्हे. पण त्याला गौरवाचे नाव दिले की शोकग्रस्ताला असे आश्वासन मिळते, जे कलमे पाळू शकत नाहीत. आणि त्या कायद्याच्या तपशिलावर शंका घेणाऱ्यावर वीरांचा अनादर केल्याचा आरोप आपोआप येतो. या अधिनियमाचे नाव ‘अंत्यविधी-शांतता अधिनियम’ असते, तर ते कमी गौरवपूर्ण पण अधिक खरे ठरले असते. शीर्षक आणि कलम यांतील असे अंतर आपल्याकडील अधिनियमांतही तपासून पाहण्यासारखे आहे. पदव्युत्तर अभ्यासकांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास ते भाषाशास्त्र आणि विधिशास्त्र या दोहोंच्या उपयोगी पडेल.