फाटलेल्या गळ्याचे गाणे

बिली हॉलिडेची ‘लेडी इन सॅटिन’ ही तबकडी आमच्या घरी लागली की स्वयंपाकघरातून हमखास प्रश्न येतो, “या बाईंना बरं नाही का?” प्रश्न भाबडा खरा, पण खोटा नाही. १९५८ च्या फेब्रुवारीत ही गाणी मुद्रित झाली आणि १९५९ च्या जुलैत ही अमेरिकन जाझ गायिका वारली. वय अवघे ४४. दारूने आणि हेरॉइनने गळा पोखरला होता. स्वर कातरतो, कुठे कुठे तुटतोही.

चाहते म्हणतात, हे तिचे दुःखच गाते आहे! हे कौतुक मला मुळीच मानवत नाही. नुसत्या दुःखाने गाता आले असते, तर घरोघर गायिका निपजल्या असत्या.

१९३७ चे ‘ईझी लिव्हिंग’ ऐकावे. गळा तेव्हा ताजा होता, सोबतीला लेस्टर यंगचा सॅक्सोफोन होता. पण आवाजाचा पल्ला तेव्हाही बेताचाच, सप्तकाहून थोडा अधिक. रीतसर तालीम तिला मिळाली नव्हती. बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या हीच तिची शाळा. (आम्हां मास्तरांना हे कबूल करणे जडच जाते!) परंतु लयीचे भान काय विलक्षण! ठेका आपल्या वाटेने चालत असतो आणि ही बाई शब्द मुद्दाम मागे रेंगाळत ठेवते. आता चुकली, असे वाटते न वाटते तोच ओळ अलगद जागेवर येते. मनातले सांगणारे माणूस असेच बोलते. अवघड शब्दापाशी थबकते, उरलेले घाईने उरकते. मायक्रोफोन जवळ असल्यामुळे तिला सभागृहाला साद घालावी लागत नाही. समोरच्या एकाशीच बोलायचे असते.

हे कसब १९५८ मध्येही शाबूत आहे. ‘यू’व्ह चेंज्ड’ या गाण्याचा विषय एवढाच, की तू बदललास. ती आरोप करीत नाही. कळून चुकलेली गोष्ट सांगते. लांब स्वर पेलत नाही, म्हणून ती तो आधीच सोडते, आणि अर्थ मात्र सुटत नाही.

रे एलिसचा तंतुवाद्यांचा ताफा मला फार गोड वाटतो. शिऱ्यात साखर जास्त पडावी तसा. मुद्रणाच्या वेळी खुद्द एलिसही तिच्या गाण्यावर नाखूष होता. नुसते सूर तपासत होता बिचारा! काही आठवड्यांनी तयार मुद्रण ऐकले, तेव्हा त्याचे मत पालटले. नव्या श्रोत्यांनी आधी १९३७ चे गाणे ऐकावे आणि मगच या तबकडीकडे वळावे.