शनिवार-रविवारचे कोकण

मराठी वाचकाने कोकण आधी पुस्तकात पाहिले आणि मग डोळ्यांनी पाहिले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ज्यांचे कोकणात ना घर, ना कूळ, ना कुलदैवत, अशा घाटावरच्या घरांनाही पोफळी, आगर, पडवी, खळे हे शब्द कादंबऱ्यांनी शिकविले. आता हा क्रम उलटा झाला आहे. पुण्याहून पहाटे निघाले आणि ताम्हिणी उतरून माणगावचा रस्ता धरला की दुपारच्या जेवणाला माणूस दिवेआगरला किंवा श्रीवर्धनला असतो. महाडवरून पुढे गेले तर दापोली, हर्णै, आंजर्ले, केळशी. शनिवारी जावे, रविवारी रात्री परतावे आणि सोमवारी कामावर हजर व्हावे, असा आता रिवाजच पडला आहे. पुस्तक उघडण्यापूर्वीच समुद्र पाहून झालेला असतो.

या नव्या प्रवाशासाठी एक नवा लेखनप्रकारही रूढ झाला आहे. ‘दोन दिवसांत कोकण’ या धर्तीचे लेख सुट्ट्या जवळ आल्या की जिकडेतिकडे दिसू लागतात. त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून कुणी पाहत नाही. मला मात्र वाटते की पाहिले पाहिजे. कारण आज कोकणची जी प्रतिमा घराघरांत आहे ती कादंबरीकारांनी घडविलेली नसून या लेखांनी घडविलेली आहे. आणि प्रतिमा घडविणाऱ्या लेखनाला टीकेचे माप लावले नाही, तर टीकेचे काम तरी काय उरले?

या लेखांचा उपयोग मी नाकारीत नाही. कुठली तर कुठे सुटते, भरती-ओहोटीच्या वेळा का पाहाव्यात, सोलकढी कुठे चांगली मिळते, ही माहिती कामाची असते. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांत समुद्र निळाशार असतो, वाळू पांढरीशुभ्र असते, नारळी-पोफळी वाऱ्यावर डोलत असतात, मोदक गरमागरम असतात. पण ते मोदक वळणारी बाई त्यांत नसते. पोफळीवर चढणारा गडी नसतो. गाव असतो, गावकरी नसतो. मी शाळेत मराठी शिकविते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांना ‘आमची सहल’ हा निबंध द्यायचा प्रघात आहे. कोकणात जाऊन आलेल्या मुलांचे निबंध वाचताना एकाच वहीची पाने उलटीत आहोत असे वाटते. ज्या घरात दोन दिवस राहिलो, जेवलो, झोपलो, त्या घरातल्या एकाही माणसाचे नाव त्यांत येत नाही. मुलांचा यात दोष नाही. जे लेख त्यांच्या घरी वाचले जातात, त्यांचेच ते वळण गिरवितात.

पूर्वीही पुण्याचा माणूस कोकणात जातच होता. परंतु तो कारणाने जात होता. केळशीची महालक्ष्मी, गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती अशी कुलदैवते आणि श्रद्धास्थाने होती. आणि दर्शनाला गेले म्हणजे उपाध्यांच्या घरी उतरावे लागे. तिथे ख्यालीखुशालीच्या गोष्टी निघत, नातीगोती उलगडत. पाहुण्याला यजमान ठाऊक असे आणि यजमानाला पाहुण्याची तीन पिढ्यांची माहिती असे. मुळात पुण्याचा आणि या किनाऱ्याचा संबंध सहलीचा नाहीच. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनहून वर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. टिळकांचे मूळ गाव दापोलीजवळचे चिखलगाव. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी चालत गेल्याची आणि तिथे वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू न दिल्याची हकीकत त्यात आहे. आज मुरूडचा किनारा म्हणून जो आपण पाहतो, तो ज्या मुलाला सोडून घाट चढावा लागला, त्याचे हे कोकण आहे. सहलीच्या लेखाला उतरणीचा रस्ता तेवढा ठाऊक असतो. ‘आत्मवृत्ता’ला चढणीचा ठाऊक आहे.

हीच चढण श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांत जागोजाग आहे. पेंडशांचा जन्म १९१३ सालचा, दापोली तालुक्यातील मुर्डीचा. ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली आणि मराठी कादंबरीत एक आख्खा मुलूख बोलू लागला. तिच्यात समुद्र आहे का? आहे, पण तो घराच्या मागल्या बाजूला असावा तसा आहे. उठल्याबसल्या समुद्राकडे पाहायला गारंबीत कुणाला सवड नाही. तिथे खोताचा दरारा आहे, गावाची जीभ आहे आणि गावाने ओवाळून टाकलेला बापू राधेशी संसार करून त्याच गावाच्या छाताडावर उभा राहतो. निसर्ग इथे देखावा म्हणून येत नाही, तो उत्पन्नाचे आणि भांडणाचे साधन म्हणून येतो. पोफळ सुंदर दिसते हे खरेच. परंतु ती कुणाच्या मालकीची आहे, हे गारंबीत आधी विचारले जाते.

‘रथचक्र’ १९६२ साली आली, पुढे तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या नायिकेला नावच नाही. नवरा संन्यास घेऊन निघून गेला, एकत्र कुटुंबात निभाव लागत नाही, आणि मुले शिकली पाहिजेत हा एकच ध्यास. कोकणातल्या त्या काळोख्या माजघराची ओळख पटल्यावर, ‘टुमदार कौलारू घर’ हे दोन शब्द पूर्वीसारखे सहज लिहिता येत नाहीत. घर टुमदार कुणासाठी? बाहेरून पाहणाऱ्यासाठी. आत राबणाऱ्या बाईचा त्याविषयीचा अभिप्राय निराळा असू शकतो.

१९५० सालच्या ‘हद्दपार’चे नायक राजेमास्तर तर आम्हा शिक्षकांचे सगेच. शाळामास्तर कादंबरीच्या मध्यभागी बसू शकतो, हा धीर त्या पुस्तकाने दिला. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबलेले, त्यामुळे वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे शिकवीत होते, आणि तेही फर्ग्युसनमधले शिक्षण अर्धवट सोडून आलेले होते, याचे मला नेहमी विशेष वाटत आले आहे. शिरोडे आज सुरुच्या बनासाठी आणि किनाऱ्यासाठी ओळखले जाते. त्याच गावच्या मिठागरांत १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ उचलण्यासाठी माणसांनी जिथे लाठ्या खाल्ल्या तिथे आपण सूर्यास्त पाहतो. सूर्यास्त पाहू नये असे मी म्हणत नाही; पण पाहताना हे ठाऊक असावे.

गावाविषयीचे लेखन खरे की नुसते गोजिरवाणे, हे ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे: त्यात पाऊस पडतो का? सहलीच्या लेखांत ऑक्टोबर ते मे एवढेच महिने असतात. कादंबरीत पाऊस पडतो, वाटा बंद होतात, दुखणेकऱ्याला डोलीतून न्यावे लागते, घरात ओल येते आणि मनातही येते. जूनच्या आरंभापासून मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहिली जाते. पाऊस वगळून कोकण लिहिणे म्हणजे परीक्षा वगळून विद्यार्थ्याचे चरित्र लिहिण्यासारखे आहे.

इथे एक आक्षेप संभवतो. पेंडसे त्या मातीतले. पाहुण्याला एवढे दिसणार कसे? त्याला उत्तर ‘अंतू बर्वा’. पु. ल. देशपांडे हे रत्नागिरीचे कुणी? तर जावई. म्हणजे कोकणच्या हिशेबाने पाहुणेच. तरीही १९६२ सालच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला हा म्हातारा रत्नागिरीच्या गल्लीतून थेट महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. पाहुण्याने केले काय? तो बसला आणि ऐकत राहिला. अंतूच्या तिरकस बोलण्याखाली जी भयाण एकटेपणाची आणि दारिद्र्याची ओल आहे, ती नुसत्या हजरजबाबीपणावर खूश होणाऱ्याच्या लक्षात आली नसती. म्हणून पाहुणेपण हा दोष नव्हे. न ऐकणे हा दोष आहे. दुर्दैवाने वाचकांनी अंतूचा एक छाप करून टाकला. कोकणात भेटलेला प्रत्येक म्हातारा खवचट बोललाच पाहिजे अशी आता आपली अपेक्षा असते, आणि तो नुसता ‘या, बसा’ म्हणाला तर पैसे वसूल झाले नाहीत असे वाटते! याचा दोष मात्र पु. लं.च्या पदरात टाकता येणार नाही.

दक्षिणेकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला गेले की कोकणचा रंग बदलतो. आरवलीचे जयवंत दळवी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये (१९६४) गावातली नाना तऱ्हेची माणसे हसत हसत समोर आणतात, आणि पुस्तक मिटल्यावर कळते की आपण हसताहसता बऱ्याच जणांना निरोप देऊन बसलो आहोत. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त (१९६६) तर समुद्र हा देखावाही नाही आणि उत्पन्नाचे साधनही नाही, तो माणसाच्या मनातल्या भयाचा आणि श्रद्धेचा आवाज आहे. कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे खरोखरीचे ठिकाण. तिथे आज लोक छायाचित्रे काढतात. ज्याने कादंबरी वाचली आहे तो क्षणभर छायाचित्र काढायचे विसरतो. पुस्तकाने स्थळाला दिलेले एवढे दान पुरे आहे.

आता दुसऱ्या पारड्यात काही टाकले नाही तर ही टीका न होता आरती होईल. आमच्या कोकणी कादंबरीचेही उणे आहे. तिच्यात होडीपेक्षा वाडी फार. खोत, भट, बागायतदार यांची घरे तिने आतून पाहिली. कुणब्याचे आणि कोळ्याचे घर बहुधा अंगणातूनच पाहिले. हर्णैच्या किनाऱ्यावर रोज मासळीचा लिलाव चालतो. त्या गलक्यात बायकांचा आवाज सर्वांत वर असतो. तो आवाज आमच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत मागून कुठूनतरी ऐकू येतो. दुसरे असे की, ही कादंबरी गेलेल्या कोकणात रमली. १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये पेंडशांनी जगबुडीच्या काठच्या एका घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या दोन खंडांत उभ्या केल्या. आवाका थक्क करणारा आहे. पण खोती कायद्याने १९४९ साली गेली. खोतानंतर कोकणात जो नवा धनी आला, म्हणजे तुम्हीआम्ही, शनिवारचा पाहुणा, त्याची मोठी कादंबरी मला हवी आहे.

तिचा मजकूर तर समोर मांडून ठेवलेला आहे. दिवेआगरचेच पाहा. १९९७ साली तिथल्या एका बागेत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. दर्शनाला माणसे येऊ लागली. माणसे आली म्हणून पडवीत पानावर पान वाढले जाऊ लागले. मागल्या अंगणात खोल्या उठल्या. २०१२ साली दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले आणि मुखवटाही गेला. पुढे २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावरून गेले आणि पिढ्यांनी राखलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालते? शनिवारच्या पाहुण्यावर. म्हणजे ज्या बागेचे सौंदर्य पाहायला पाहुणा येतो, ती बागच नसताना त्याला बोलावून घ्यायचे, त्याला हसतमुखाने वाढायचे आणि त्याच पैशातून नवी रोपे लावायची. देवाचे सोने, माणसांचा लोभ, दोन पहारेकऱ्यांची घरे, वादळ आणि स्वयंपाकघरातली ती बाई. यापेक्षा कादंबरीकाराला आणखी काय हवे? ‘गारंबीचा बापू’ने जसा खोत पाहिला, तसा या कादंबरीने पाहुणा पाहावा, आणि तो आपल्याला आवडेल असाच निघेल, ही अपेक्षा मात्र वाचकाने ठेवू नये.

हे काम बाहेरच्या लेखकाचे नाही. ज्या मुली आज त्या किनाऱ्यावरच्या शाळांत शिकत आहेत आणि शनिवारी-रविवारी पाहुण्यांची पाने मांडीत आहेत, त्यांतलीच कुणी ते करील. तिने आम्हाला जवळून पाहिले आहे. आम्ही काय बोलतो, काय टाकतो, कशाला नावे ठेवतो, कशाचे पैसे देताना खळखळ करतो, हे तिला तोंडपाठ आहे. आपल्या सहलींच्या लेखांत तिचे नाव नाही. तिच्या पुस्तकात आपले असणार आहे.

तोपर्यंत या दिवाळीत जे कुटुंब किनाऱ्याकडे निघेल त्याने पिशवीत एकेक पुस्तक टाकावे, एवढे माझे मागणे आहे. दापोलीकडे जाणाऱ्यांनी ‘गारंबीचा बापू’, रत्नागिरीला जाणाऱ्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’, वेंगुर्ल्याच्या वाटेवर दळवी किंवा खानोलकर. घरात आळीपाळीने मोठ्याने वाचावे, मुलेही ऐकतात. आणि ज्या घरी उतराल तिथल्या माणसांची नावे विचारावीत, बाग कितीची आहे, नवी रोपे कधी धरतील, गेल्या पावसात काय झाले, हे विचारावे. सुट्टीनंतरच्या निबंधांत निळाशार समुद्र आला तर येऊ द्या. त्यात एका माणसाचे नाव जरी आले, तरी मी त्या मुलाला चार गुण जास्त देईन.